कराड ते चिपळूण : शंभर किलोमीटरचा नव्हे, बारा किलोमीटरचा प्रवास

पत्र कराडच्या एका वाचक भगिनीचं आहे. थोडक्यात असं :

"चिपळूणला नणंदेकडे भाचीची पहिली मंगळागौर आहे. मिस्टर पुण्याहून परस्पर येणार, त्यामुळे सासूबाई (वय ७२, गुडघ्यांचा त्रास) आणि दोन मुलं (वय ९ आणि ४) यांना घेऊन मलाच गाडी न्यायची आहे. लायसन्स काढून दोन वर्षं झाली, पण गाडी कराडातच फिरवली, घाट कधी चालवला नाही. गाडी पेट्रोलची, २०१७ची, हातानं गिअर टाकायची. सोमवारी चारला चहा घेऊन निघावं आणि दिवेलागणीला पोचावं असा विचार आहे. दीर म्हणतात, उताराला न्यूट्रल कर, पेट्रोल वाचतं. सासूबाई म्हणतात, एस.टी.नं जाऊ. कुंभार्ली घाट मला जमेल का?"

जमेल. पण चारला निघू नका, आणि दिरांचं ऐकू नका. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या मागून येतं.

आधी वेळेचं बघू. नकाशा अंतर साधारण शंभर किलोमीटर दाखवतो आणि माणूस तासाला पन्नासचा हिशोब धरून दोन तासांत पोचतो, कागदावर. कराड ते पाटण एक तास लागतो, मल्हारपेठेचा बाजार आणि गतिरोधक धरून. पाटणच्या पुढे खोरं अरुंद होतं, वळणं वाढतात. हेळवाकपर्यंत आणखी पाऊण तास. मग दहा-बारा किलोमीटरचा खरा घाट, त्याला नवख्या चालकानं पस्तीस-चाळीस मिनिटं धरावीत. पोफळीपासून चिपळूण पुन्हा पाऊण तास. म्हणजे न थांबता तीन तास, आणि दोन मुलं व गुडघेदुखी असलेलं माणूस बरोबर असताना न थांबता कुणी जात नाही. चारला निघालात तर सहा-सव्वासहाला तुम्ही घाटमाथ्यावर असाल. ऑगस्टमध्ये सूर्य सातच्या सुमाराला मावळतो हे खरं, पण ढगात बुडालेल्या घाटात सहालाच दिवे लावावे लागतात. पाटणला अर्धा तास खोळंबा झाला, की तुमचा पहिला घाट धुक्यात आणि अंधारात. पहिलाच घाट असा नको.

तुमच्या सोयीची एक गोष्ट आहे. तो श्रावणी सोमवार आहे, बऱ्याच शाळा त्या दिवशी लवकर सुटतात. तुमच्या मुलांची सुटत नसेल तर एक अर्धा दिवस बुडवा. बाराला कराड सोडा. एकला पाटण, पावणेदोनला हेळवाक, तिथे वीस मिनिटं थांबा. दोन-सव्वादोनला घाटाला लागा, तीनच्या आत पोफळी, साडेतीन-चारला चहा नणंदेच्या हातचा.

हेळवाकला का थांबायचं, तेही सांगतो. महाबळेश्वराहून दक्षिणेकडे वाहत आलेली कोयना हेळवाकला काटकोनात पूर्वेकडे वळते आणि कराडकडे निघते. तुमचा रस्ता कराडपासून या नदीच्याच काठानं वर आलेला असतो, म्हणून इथपर्यंत चढ असा जाणवतच नाही. हेळवाकला रस्ता नदी सोडतो, थोडा चढून सह्याद्रीची धार ओलांडतो आणि मग कोकणात कोसळतो. जाताना घाट म्हणजे जवळजवळ निव्वळ उतार, पाचेकशे मीटरचा. कोयनेचं पाणी बोगद्यातून नेऊन पोफळीला वीज करतात ती याच उताराच्या जोरावर. तोच जोर तुमच्या गाडीलाही खाली ओढणार आहे. तेव्हा हेळवाकला उतरा, पाय मोकळे करा, मुलांना शू करवून आणा, काच आतून-बाहेरून पुसा आणि नणंदेला फोन करा. इथून पोफळीपर्यंत फोनच्या रेंजचा भरवसा नाही. "घाटाला लागतेय, तासाभरात अलोऱ्याहून फोन करते" एवढं सांगितलंत की तिकडची काळजी मिटते आणि तुमचा फोन घाटात वाजत नाही.

आता दिरांचं न्यूट्रल. पेट्रोल वाचण्याची समजूत कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. तुमच्या गाडीला इंजेक्शन आहे. गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि उतार चाकं फिरवत असला, की इंजिनाचा पेट्रोलपुरवठा जवळजवळ बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे बचतीचा हिशोबही उलटा आहे. त्याहून महत्त्वाचं, गिअरमधलं इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं. न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर येतो. आणि कुणी इंजिनच बंद करून उतरायला सांगितलं तर हात जोडा. ब्रेकला जी ताकद मिळते ती इंजिन चालू असल्यामुळे. इंजिन बंद झाल्यावर एक-दोन दाबांपुरती ती शिल्लक राहते, नंतर पेडल दगडासारखं होतं आणि स्टिअरिंगही जड होतं.

ब्रेक तापले की काय होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे नियम पाठ करावे लागणार नाहीत. सतत पाय ठेवल्यानं पॅड आणि डिस्क तापतात, घासूनही पकड येईनाशी होते. ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत गेली तर आणखी वाईट. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट ३ प्रकारचं ऑइल दोनशे अंशांच्या पुढे उकळतं, ओल धरलेलं १४०च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल स्पंजासारखं लागतं आणि खालपर्यंत जातं. गावात वर्षभर हेच ब्रेक उत्तम लागतात, कारण तिथे ते कधी एवढे तापतच नाहीत.

म्हणून गाडी आठ दिवस आधी गॅरेजला न्या, आदल्या दिवशी नको, कारण काही बदलावं लागलं तर वेळ हवा. "सगळं चेक करा" असं मोघम सांगू नका. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारा. दोन वर्षं उलटली असतील किंवा कुणाला आठवतच नसेल, तर बदलून घ्या. कोणतं घालायचं ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, डॉट ३ की डॉट ४. पुढचे पॅड तीन मिलिमीटरच्या आसपास आले असतील तर नवे टाका, मागचे लायनर उघडून दाखवायला सांगा. हॅन्डब्रेक चढावर गाडी धरतो का, ते समोर उभं राहून बघा. वायपरची पाती काचेवर रेघा सोडत असतील तर बदला. टायरच्या खाचांत अधूनमधून आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण पावसाळी घाटाला तीनच्या खाली गेलेला टायर आम्ही नेऊ देणार नाही. हवा किती भरायची ते पंपावरच्या पोराला विचारू नका. चालकाचं दार उघडल्यावर चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो भरा, तोही टायर थंड असताना. स्टेपनीतही. कूलंट परतीच्या चढाला लागेल, तेव्हा तेही आताच.

पेट्रोल कराडलाच भरा. शंभर किलोमीटरला सहा-सात लिटर जातं, पण खोळंब्यात एसी चालू ठेवून बसावं लागलं तर काट्याकडे बघत बसायला नको.

आता घाट. घाटमाथा ओलांडून पहिलं उतरतं वळण दिसलं की उतार सुरू व्हायच्या *आधी* दुसरा गिअर टाका. वेग धरल्यावर टाकायला गेलात तर गाडी ओरडते, तुम्ही घाबरता आणि क्लच दाबून बसता, आणि क्लच दाबणं म्हणजे न्यूट्रलच. घाटातल्या लोकांचा साधा नियम आहे : ज्या गिअरनं चढ चढला असता त्याच गिअरनं उतरा. कुंभार्लीला तो दुसरा. अगदी तीव्र वळणावर, किंवा पुढे ट्रक रांगत असेल तर पहिला. इंजिनाचा आवाज वाढेल. वाढू द्या, तेच इंजिन ब्रेकचं काम करतंय. वेग वीस ते तीसच्या मध्ये. तिसाच्या पुढे सरकला की ब्रेक नीट दाबून पंचविसाच्या खाली आणा आणि पाय *पूर्ण* काढा. पुन्हा सरकला, पुन्हा दाबा, पुन्हा काढा. पेडलवर पाय नुसता टेकवून उतरणं ही नवख्यांची सगळ्यात मोठी चूक. त्यांना वाटतं आपण हळू चालवतोय, आणि वीस मिनिटांत करपल्याचा वास येतो.

तो वास आला, किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं, तर पहिल्या रुंद सरळ जागी थांबा. वळणावर नाही, धबधब्याखाली नाही, कापलेल्या कड्याच्या पायथ्याशी नाही. पावसात दगड तिथेच येतात. इंजिन बंद करा, तोंड उताराकडे असल्यानं रिव्हर्स गिअर टाका, पुढची चाकं डोंगराकडे वळवा, चाकापुढे दगड लावा. वीस-पंचवीस मिनिटं नुसतं बसा. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते. आणि निघताना तो दगड उचलून कडेला टाका. तो तसाच रस्त्यात सोडून जाणाऱ्यांनी घाटात जेवढे दुचाकीवाले पाडलेत, तेवढे खड्ड्यांनीही पाडले नसतील.

वळणांबद्दल दोनच गोष्टी. एक, आपली डावी बाजू सोडायची नाही. आतून कापून जायचा मोह समोरून येणाऱ्यालाही होत असतो. दुसरी, चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. हा नुसता शिष्टाचार नाही, नियमही तसाच आहे. त्याचं कारण सोपं आहे : भरलेला ट्रक चढावर एकदा थांबला की पुन्हा उचलणं अवघड, तुम्ही मात्र उतारावर सहज निघता. खालून चिऱ्यांचा ट्रक किंवा एस.टी. येताना दिसली, तर वळणाच्या अलीकडेच थांबा. लांब गाडीला वळायला पूर्ण रस्ता लागतो. तिचं तोंड तुमच्या बाजूला आलेलं दिसतं ते चालकाची दांडगाई म्हणून नव्हे, तर मागची चाकं वळवायला जागा हवी म्हणून. वळणाआधी एकदा हॉर्न. वरून खालचे दोन पदर दिसत असतील तर आधीच नजर टाकून ठेवा, पुढच्या वळणावर काय भेटणार ते कळतं.

मागून कुणी डिपर मारत आलं तर वेग वाढवू नका. रुंद जागा बघून डावा इंडिकेटर द्या, जाऊ द्या. डांबर सोडून साइडपट्टीवर मात्र उतरू नका, पावसात ती मऊ झालेली असते आणि गटार गवतानं झाकलेलं असतं.

धुकं मिळालं तर हेडलाइट खालच्या बीमवर. वरचा बीम धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत येतो. चारही इंडिकेटर लावून चालायची पद्धत पडली आहे, ती चुकीची आहे. तुम्ही वळताय, थांबताय की चाललाय हे मागच्याला कळत नाही. ते थांबल्यावरच लावा. समोरची काचच धुरकट होऊन बाहेरचं दिसेनासं झालं तर दोष बहुधा धुक्याचा नसतो, चौघांच्या श्वासाचा असतो : एसी चालू, हवेचा झोत काचेवर, आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्या. मिनिटभरात काच मोकळी होते. पोफळीच्या खाली याच्या उलट होतं. कोकणच्या दमट हवेत थंड काचेवर बाहेरून वाफ धरते. ती एसी वाढवून जात नाही, उलट वाढते. वायपर एकदा फिरवा आणि एसीचं तापमान थोडं चढवा.

बसायची व्यवस्था : सासूबाई पुढे, सीट मागे सरकवून, गुडघ्यांसाठी. मुलं मागे, पट्टा लावून. चार वर्षांच्याला मुलांची सीट हवी, नसेल तर कुणाची मागून आणा. आजीच्या मांडीवर, पुढच्या सीटवर मूल नको, कितीही रडलं तरी. सासूबाईंचा सोमवार असेल तर उपाशी पोटीही गाडी लागते आणि तुपकट साबुदाण्याच्या खिचडीवरही लागते. कराडहून निघताना केळं, राजगिऱ्याचा लाडू, एवढंच. मुलांना वरणभात निघण्याआधी तासभर. वाटेत मिसळ नको, हेळवाकलाही नको. मोबाइलवर कार्टून लावून मुलं शांत होतात आणि दहा मिनिटांत ओकतात, कारण डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला मात्र हालचाल जाणवते. समोर रस्त्याकडे बघायला लावा. आलेपाक जवळ असू द्या. गाडी लागायची गोळी द्यायची असेल तर मुलांच्या डॉक्टरांना विचारून, त्यांनी सांगितलेल्या मात्रेत, आणि ती स्वतः घेऊ नका, झोप येते. प्रत्येक सीटच्या खिशात प्लास्टिकची पिशवी ठेवा आणि नऊ वर्षांच्याला ती कशी धरायची ते आधीच शिकवा. घाटात कुणाला उलटी झाली तरी वळणावर गाडी उभी करायची नाही.

निघायचं की नाही, हे सोमवारी सकाळी कराडच्या आभाळाकडे बघून ठरवू नका. कराडात वर्षाला सहा-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, कोयनानगरला पाच हजारांच्या घरात. तुमच्या अंगणात वाळवण असतं तेव्हा कोयनानगरजवळच्या नवजाला ओढे रस्त्यावर आलेले असतात. पेपरात कोयना धरणाच्या साठ्याच्या बातमीत कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरचे चोवीस तासांचे आकडे रोज असतात, ते वाचा. नवजाचा आकडा शंभरच्या आत असेल तर खुशाल निघा. दीडशेच्या पुढे असेल, किंवा साताऱ्याच्या घाटांना अथवा रत्नागिरीला रेड अलर्ट असेल, तर जाऊ नका. धरणाचे दरवाजे उघडून पाटणजवळचा मुळगावचा पूल पाण्याखाली गेल्याची बातमी असेल तरी थांबा. तो पूल तुमच्या वाटेवर नाही, पण नदी कुठवर आली आहे ते त्यावरून कळतं. घाट बंद असेल तर आंबा घाटानं साखरपा, संगमेश्वर करत जाता येतं, पण अंतर जवळजवळ दुप्पट आणि तोही घाटच. त्या दिवशी मंगळागौर व्हिडिओ कॉलवर बघा. भाची समजून घेईल.

चिपळूणचंही एक बघावं लागतं. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर तिथल्या माणसाला हे सांगायला नको, घाटावरच्याला सांगावं लागतं : मोठा पाऊस आणि खाडीची भरती एकदम आली की वाशिष्ठी नदीचं पाणी बाहेर जायला जागा उरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी. भरतीची वेळ काढायची कोकणी रीत सोपी आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. खाडीतून आत चिपळूणपर्यंत पोचायला थोडा उशीर धरा. जोराचा पाऊस असून तुमची पोचायची वेळ त्याच सुमाराला येत असेल, तर नणंदेला आधी विचारा की बहादूरशेख नाक्यापासून त्यांच्या घरापर्यंत सखल भाग कुठे लागतो. रस्त्यावर साचलेल्या पाण्यात दुसऱ्याची गाडी गेली म्हणून आपली घालायची नाही.

आणि पोफळी आली की "सुटलो" म्हणून पाय मोकळा सोडू नका. अलोरे, शिरगावच्या पट्ट्यात शाळा सुटलेली असते, गुरं रस्त्यात बसलेली असतात आणि अर्धा-पाऊण तास दुसऱ्या गिअरमध्ये राहिल्यानं पन्नासचा वेगही तिसासारखा वाटतो.

सासूबाईंच्या एस.टी.बद्दल. त्या चुकीचं सांगत नाहीत. आठ दिवसांत एक सराव करून बघा : एखाद्या चांगल्या चढावर गाडी थांबवा, हॅन्डब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, क्लच अर्धा सोडून गाडीचं नाक किंचित उचललं की हॅन्डब्रेक सोडा. गाडी मागे न सरकता दहापैकी दहा वेळा उचलता आली, तर गाडीनं जा. सात वेळा आली, तर या वेळी एस.टी.; जाताना उतार आहे म्हणून निभेल, पण परतताना तोच घाट चढायचा आहे, आणि चढावर पुढचा ट्रक थांबला की हीच परीक्षा मागे एस.टी. असताना द्यावी लागते.

परत निघाल तेव्हा सकाळीच निघा, धुकं विरल्यावर, नऊनंतर. चढताना दुसरा गिअर जड जायला लागला की वाट न बघता पहिला टाका. तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकला तर एसी बंद करा, वर जातच राहिला तर थांबा आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. अजून एक : नणंद डिकीत तांदळाचं पोतं, वीस नारळ आणि कोकमाचे डबे भरणार. गाडीचं ढुंगण बसतं, नाक वर होतं आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला खाली बहुतेक गाड्यांत ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते. ती दोनवर करा. मागच्या टायरांत स्टिकरप्रमाणे हवा भरली होती ना, तेही चिपळूण सोडायच्या आधी बघून घ्या.